‘हाय’ मी म्हणालोच नव्हतो

हिरामण, त्या दिवशी मी ‘हाय’ म्हणालोच नव्हतो.

तू मारलेली हाक मला स्वच्छ ऐकू आली होती. त्यानंतरचीही आली. मग तू मान वळवून मागे बघितलंस, सायकल डगमगली आणि तू पडलास. मी येऊन तुला उठवलं आणि म्हणालो, “अरे, दिली की ओ. दोनदा दिली. तुला ऐकू आली नाही.” हे खोटं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. तुला तर नाहीच. आता तुला जाऊन महिना होत आला आणि सांगायला पहिला तूच सापडलास. आयुष्यभर मी असाच वागलो. ज्याला सांगायचं तो उठून गेला की मग मला बोलायला सुचतं.

आपली ओळख याच शब्दाच्या घोटाळ्यातून झाली. डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला म्हणून मी नवी कोरी सायकल घेऊन पाम बीच रोडला यायला लागलो होतो. तू कडेला सायकल उलटी करून बसला होतास. मी जवळून जाताना काहीतरी ओरडलास, त्यातलं मला फक्त ‘हाय’ कळलं. मी आपलं सभ्यपणे “हॅलो” म्हणालो.

“हॅलो काय? पंप! पंप हाय का?”

पंप माझ्याकडे नव्हता. पण तू इतका हसलास की मला थांबावंच लागलं. दोघं सायकली हाताने ढकलत सानपाड्यापर्यंत आलो. माझी सोसायटी कुठली ते विचारलंस, मी सांगितली, तर म्हणालास, “म्हंजे आमच्या शेतान ऱ्हातंस तू. तुज्या हॉलमधी आमचा भात व्हायचा.” भाडेकरूसारखं उभं राहून मी “हो का?” एवढंच म्हणालो. मग तूच माझ्या पाठीवर थाप मारलीस. “घाबरू नको सायब, मागत नाय परत.”

त्यानंतर दर रविवारी आपण बरोबर. तू पुढे, मी मागे. उमेदीत तळोज्याच्या कारखान्यात सायकलवरून पाळ्या केलेला माणूस तू. तुझे पाय थकायचे नाहीत. मी कस्टमच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या ऑफिसातला. न्हावा शेव्याचे कंटेनर मी जन्मभर कागदावर बघितले होते. उरण रस्त्याला ते माझ्या कोपराजवळून जायला लागले की माझा श्वास आत गेलेला बाहेर यायचा नाही. तुला ते मागे न बघताच कळायचं. दर थोड्या वेळाने पुढून हाक यायची, “हाय का?” आणि मी ओ द्यायचो, “हाय.” आमच्या घरी कुणी ‘आहे’ला ‘हाय’ म्हटलं तर आई डोळे वटारायची. पन्नाशीला आल्यावर मी तो शब्द तुझ्याकडून शिकलो, तोसुद्धा फक्त त्या रस्त्यावर वापरायला.

आता तो दिवस. उलव्याच्या अलीकडच्या टपरीवर आपण थांबलो होतो. पनवेलकडचे काही सायकलवाले आधीच बसले होते. त्यातल्या कुणीतरी विचारलं, तुम्ही एवढे ओरडत का येता?

“आमचं सायब मागं असतं ना,” तू म्हणालास. “बालवाडीत पोर सोडायला जेल्यासारखं हाय. मधी मधी बगावं लागतं, हाय का पलालं.”

सगळे हसले. मीही हसलो. तू तुझ्यातली दोन भजी माझ्या कागदावर सरकवलीस, तुझ्यापुरता विषय तिथे संपला. माझा संपला नाही. त्याच आठवड्यात ऑफिसात माझ्याहून बऱ्याच लहान माणसाला माझ्या डोक्यावर आणून बसवलं होतं. हे मी तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्यास आणि मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी मी ते पोटात घेऊन तुझ्या मागे सायकल मारत राहिलो.

पुढच्या वळणानंतर तुझी हाक आली. “हाय का?”

शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी तो गिळला. म्हटलं, होऊ दे याचा जीव थोडा वरखाली. एकदा तरी याला वाटू दे की मागचं माणूस गेलं. मी थांबलो नव्हतो, लांबही पडलो नव्हतो. तुझ्या शर्टावरचा घामाचा नकाशा मला दिसत होता, एवढ्यावर होतो. पुन्हा हाक आली, आता जरा मोठ्याने. मी गप्प. आणि मग तू मान वळवलीस.

फार लागलं नव्हतं. मनगट सुजलं, गुडघा सोलला. मागून येणारा ट्रेलर लांब होता, त्याने नुसता हॉर्न दाबून धरला. पण खडीत बसून तू माझ्याकडे बघितलंस त्यात राग नव्हता, मी दिसल्याचा आनंद होता. तेवढ्याने मी घाबरलो आणि ते खोटं बोललो.

“ओ दिली होतीस?”

“दिली की.”

“मग मना कशी नाय आली?”

तू करंगळी कानात घालून जोरजोरात हलवलीस. मला ते करंगळी हलवणं अजून दिसतं. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘हिरामण, मस्करी केली रे.’ तू एक शिवी दिली असतीस आणि आपण घरी गेलो असतो. पण तुझ्या मनगटाकडे बघितलं आणि ती मस्करी मस्करी राहिली नाही.

मला वाटलं होतं, तू विसरशील. तू वाशीला कानाच्या डॉक्टरकडे गेलास. त्याने मळ काढला, तपासलं आणि सांगितलं की या वयात थोडं कमी होतंच, काळजीचं काही नाही. ‘काळजीचं काही नाही’ हे तू ऐकलंच नाहीस. घरी येऊन मला फोन केलास. “बग, डॉक्टर पन तेच बोलला.” कशाबद्दल ‘तेच’, ते मला माहीत होतं. मी म्हणालो, “होतं रे वयाप्रमाणे.” हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

आणि मग जानेवारीत गावच्या मैदानावर टेनिस बॉलच्या मॅची लागल्या. अंपायर तू असायचास, हे दोन्हीकडच्या गावांना गृहीत होतं. टेनिस बॉलला बॅटची कड लागली तर काय एवढा आवाज येतो? त्यातून मैदानावर स्पीकर, मोटारसायकली, ढोल. तू दर चेंडूला हात वर करून माईकवाल्याला गप्प करायचास. “ए कॉमेंट्री, तोंड बंद! कट ऐकायचाय मना.” आणि माईकवाला म्हणायचा, “अंपायर दादांचे कान म्हणजे कॅमेरा आहे, कॅमेरा!” तू दिलेल्या आउटवर कधी भांडण झालं नाही, हे मला तुझ्या शत्रूंनी सांगितलंय.

त्या वर्षी मी मुद्दाम आलो होतो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. पहिल्याच मॅचला बोलर, कीपर सगळे ओरडले, आणि तू उभाच. सगळं मैदान तुझ्या बोटाकडे बघतंय आणि तू स्वतःच्या कानाला विचारतोयस. शेवटी नॉट आउट दिलंस. ओव्हर संपल्यावर टोपी काढून पुतण्याच्या डोक्यावर ठेवलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलास.

“काय झालं?” मी विचारलं.

“ऐकल्यासारखं वाटलं. मग वाटलं, त्या दिशी बी असंच वाटलं होतं, कायच नाय आलं.” मग स्वतःच्या बोटाकडे बघत म्हणालास, “कान फितूर झालं की बोट वर करू नये, सायब. कोनाचा तरी जीव जातो त्याच्यान.”

कीपरने जाताना तुला सांगितलं, “काका, कट होता.” म्हणजे तुला बरोबर ऐकू आलं होतं. तुझे कान जागेवर होते. फितूर मी होतो आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मी उसाचा रस पीत होतो. त्यानंतर तू कधी मैदानात उभा राहिला नाहीस. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी बसायचास, कुणी काही विचारलं तर मुद्दाम “आँ?” करायचास. चेष्टा सुरू केलीस आणि चेष्टेची सवय झाली.

सायकलला आरसा लावायचं त्यातूनच निघालं. “कानाचं काम आता डोल्याला देऊ,” म्हणालास. तुझ्या प्रशांतने तुझ्यासाठी फोनवरून एक मागवला. तो निघाला डाव्या हाताचा. तिकडच्या देशांत गाड्या त्या अंगाने जातात. आपल्याकडे तो आरसा रस्त्याची कड दाखवत होता. तू तो लावून सोसायटीपर्यंत आलास आणि खाली उभं राहून मला हाक मारलीस. “सायब, याच्यान निसतं गटार दिसतं. गटार बगायला आरसा कशाला, वासानं कलतं.”

मग आपण दुकानात गेलो. एवढ्याशा वस्तूसाठी अख्खी सकाळ. दांडीवर उभा राहणारा आरसा तुला नको होता. “बैलाच्या शिंगावानी दिसतो.” हेल्मेटला चिकटणारा छोटा घालून बघितलास. “माशी बसल्यासारखं वाटतं, हाकलावंसं वाटतं.” शेवटी हँडलच्या उजव्या टोकात खुपसायचे दोन राहिले. एकाची काच फुगीर, एकाची सपाट. दुकानदार म्हणाला, “काका, फुगीरच घ्या. अख्खा रोड दिसतो. सगळे हाच नेतात.”

“थांब. बगून घेतो. सायब, तू ट्रेलर हो.”

मी ट्रेलर झालो. गल्लीत मागे मागे सरकत गेलो, तू सायकलवर बसून आरशात बघत होतास. “अजून मागं... अजून... आता ये.” मी चालत आलो. “तसा नाय, डावीकडनं ये.” दुकानदार हसायला लागला, म्हणाला, “काका, ट्रेलर डावीकडनं कुठला येतोय?” तू त्याच्याकडे लक्ष दिलं नाहीस. दोन्ही आरसे आलटून पालटून लावून मला पुन्हा पुन्हा चालवलंस. समोरच्या इस्त्रीवाल्याने कपडे बाजूला ठेवले आणि बघत बसला.

“सपाट दे,” तू म्हणालास.

मला राहवेना. मी म्हणालो, “अरे, सपाटात हातभर रस्ता दिसतो. फुगीरात तिन्ही लेन दिसतात. आरसा कशासाठी घेतोयस?”

“त्याच्यान सगलं दिसतं पन लहान दिसतं. मुंगीसारखं. याच्यान तोंड दिसतं.”

“ट्रेलरचं तोंड बघून काय करायचंय तुला?”

“तुना नाय कलायचं.”

यावर आपण किती रविवार भांडलो! टपरीवर मी तुला चमच्याची पाठ दाखवून फुगीर काचेचं शास्त्र समजावलं. तू तो चमचा माझ्या हातातून काढून घेऊन चहात घातलास. माझं म्हणणं बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो. मागून येणाऱ्या वाहनांसाठी फुगीरच चांगला. तू ऐकलं नाहीस.

आरसा लागला आणि तुझ्या हाका थांबल्या. हे मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, आरसा ट्रेलरसाठी, हाक माझ्यासाठी, दोन्ही राहील. पण तू नुसता सायकल मारत जायचास आणि मधेच उजवीकडे नजर टाकायचास. रस्त्यावर मला ‘हाय’ म्हणायचं काम उरलं नाही. बालवाडीतून सुटलो म्हणून बरं वाटायला हवं होतं. कधी कधी मी मागे आपल्याशीच म्हणायचो, “हाय.” ते तुला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.

एकदा, गेल्या पावसाळ्याच्या आधी, त्याच टपरीवर बसलो असताना तू उगाचच म्हणालास, “त्या दिशी आरसा असता तर बरं झालं असतं.”

“पडला नसतास,” मी म्हणालो.

“त्ये हायच.” बशीतला चहा संपवलास. “दिसलं असतं.”

काय दिसलं असतं, ते मी विचारलं नाही. तू माझ्याकडे बघत होतास की माझ्या मागच्या रस्त्याकडे, तेही मला सांगता येणार नाही. तुला माहीत होतं का रे? माहीत असून तू मला दर रविवारी बरोबर नेत होतास का? तू दार किलकिलं करून ठेवलं होतंस असं आता वाटतं. मी चहा सांडल्याचं निमित्त करून फडकं मागायला उठलो.

आता उरलेलं सांगतो. हे तुला माहीत नाही.

त्या दुपारी तू जेवून आडवा झालास. मंदावहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, चहा ठेवू का? तुझी ओ आली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. तू गप्प. तुझ्या कार्याच्या आधी लोक भेटायला येत होते तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचे शब्द हेच होते: “मना वाटलं, ऐकू आलं नसंल. हल्ली ऐकायचंच नाय ना. म्हटलं, निजू दे. भांडी घासली, वरचं कपडं काढून आनलं, घड्या घातल्या. मंग जेलू उठवायला.” मग माझ्याकडे वळल्या. “तुमाला तं म्हाईतच हाय भावजी, कान कसं झालतं त्यांचं.”

मी मान हलवली.

मान हलवली, हिरामण. तू पलीकडच्या खोलीत फोटोत होतास, हार ताजा होता, आणि मी तेच खोटं पुन्हा बोललो, तेही तोंड न उघडता.

डॉक्टर म्हणतात, झोपेतच गेला, पहिल्या हाकेच्या आधीच गेला असेल. ‘असेल’ म्हणतात. मी रोज त्या ‘असेल’वर टेकायला बघतो आणि ते वजन घेत नाही. मंदावहिनींचं तर त्याने काहीच होत नाही. घरात जो येईल त्याला त्या विचारतात, “हलवून बगायला नको होतं का मी? दोन हाका मारून गप बसली.” लोक म्हणतात, तुमचा काय दोष. त्या ऐकून घेतात आणि पुढच्या माणसाला पुन्हा विचारतात. बायको लगेच बघायला गेली नाही, कारण नवरा बहिरा आहे असं तिला माहीत होतं. तिला ते माहीत होतं, कारण तुला तसं वाटत होतं. आणि तुला तसं वाटत होतं, कारण एका रविवारी मला बालवाडीतलं पोर म्हटल्याचा राग आला होता.

गेल्या आठवड्यात प्रशांत आला होता. तुझ्या नावाने यंदा मॅची ठेवतायत. छोटी स्मरणिका काढणार आहेत. “काका, तुम्ही चार ओळी द्या. कान गेले तरी बाबांनी मैदान सोडलं नाही, असं काहीतरी.” जाताना पिशवीतून तुझा आरसा काढून दिला. “सायकल आतेभावाला दिली. त्याला आरसा नकोय. तुम्हीच निवडला होता ना बरोबर जाऊन?”

मी तो कालच लावला. प्रशांतने हँडलमधल्या कांडीसकट तसाच उपटून आणला होता, जिथे तू आवळून ठेवला होतास तिथेच तो घट्ट होता. सायकलवर बसून बघितलं तर रस्ता दिसेना. उजवीकडून गाड्या येतात ती बाजू त्यात नव्हतीच. तू तो आतल्या अंगाला वळवून ठेवला होतास. त्यात रस्त्याची डावी कड दिसते, मागची, जिथून मी यायचो तेवढी. ट्रेलर त्यात आला असता तरी तुला दिसला नसता. मी दिसायचो. तोंडासकट दिसायचो, म्हणजे ओठ हलले की नाही तेही.

फुगीर काचेबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं. तू वेगळ्याच गोष्टीसाठी आरसा घेत होतास, आणि मी तुला चमचा दाखवत होतो.

आरसा मी हलवलेला नाही. माझ्या मागे आता कुणी येत नाही, त्यामुळे त्यात नुसती कड दिसते आणि खाडीकडचं गवत. सवयीने मी अजूनही डावीकडूनच जातो.

चार ओळी प्रशांतला दिलेल्या नाहीत. त्याने सांगितलेल्या मी लिहू शकत नाही, आणि या त्याच्या हातात जाण्याआधी एका माणसाच्या कानावर जायला हव्यात. काल संध्याकाळी मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. वहिनी ओट्यावर बसून कोलीमची बारीक सुकट निवडत होत्या. त्यांनी मला बघितलं, हाक मारली, “भावजी, या ना.” मी सायकल वळवली. हाक ऐकू आली नाही असं दाखवलं.

म्हणून इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा सायकल वळवता येणार नाही. मंदावहिनींना सांगायचं आहे की तुझे कान शेवटपर्यंत चांगले होते, त्या लगेच बघायला गेल्या नाहीत यात त्यांची चूक नव्हती, आणि तू बहिरा झालास हे खोटं मी बोललो होतो. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.